दुसऱ्याच आजाराच्या गोळ्या आणि डोळ्यांना होणारी इजा : आईचा अनुभव आणि काही प्रश्न

भुईकोट (धागाकर्ता)

गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरी जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या एकाच गल्लीत हीच गोळी घेणाऱ्या आणखी तीन बायका असल्याचे मला आता कळले आहे आणि त्यांपैकी एकीचेही डोळे त्या गोळीच्या संदर्भात कधी तपासलेले नाहीत.

माझी आई ६३ वर्षांची आहे. तिचे निम्मे आयुष्य सूप मांडीवर घेऊन विड्या वळण्यात गेले, त्यामुळे सकाळी उठल्यावर बोटे आखडू लागली तेव्हा ती त्या कामानेच आखडली असणार, असे आम्ही सगळे धरून चाललो. ९ वर्षांपूर्वी तपासण्या झाल्या आणि रुमॅटॉइड प्रकारचा संधिवात असल्याचे निदान झाले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, असा क्रम चालू होता. औषधाने गुण आला, हे मी आधीच सांगून ठेवतो. ज्या बोटांना पेला धरवत नव्हता ती बोटे पुन्हा ज्वारीची भाकरी थापू लागली, आणि त्यामुळेच ही गोळी आमच्या घरात अत्यंत विश्वासाची होती.

संक्रांतीच्या आधी आई तीळ निवडायला बसली आणि एरवी तासाभरात होणारे काम दुपारभर चालले. ती म्हणाली, ‘‘ज्या दाण्यावर नजर ठेवते तो दिसतो, पण त्याच्या शेजारचे पुसल्यासारखे होतात.’’ पेपर वाचतानाही शब्दाचे एक अक्षर दिसायचे आणि पुढची दोन गळायची. आम्ही मोतीबिंदू समजलो. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर तपासून काचा बदलल्या, त्यात पैसे गेले आणि फरक काहीच पडला नाही.

शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाहुल्या मोठ्या करून पाहिले आणि मोतीबिंदू अगदी किरकोळ असल्याचे सांगून कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारले. आईने रक्तदाबाची गोळी सांगितली आणि ती थांबली. सांध्यांच्या गोळीचा डोळ्यांच्या डॉक्टरांशी संबंध असेल, हे तिच्या मनातही आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नाही. माझ्या मोबाइलमध्ये मेडिकलला दाखवण्यासाठी काढलेला गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो होता, म्हणून तो दाखवला. तो पाहताच डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे दृष्टिपटलाच्या थरांचे चित्रण, आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी लिहून दिली. दोन्हींत नजरेच्या केंद्राभोवती कड्याच्या आकाराची इजा दिसली.

मग त्यांनी आईला वजनकाट्यावर उभे केले. वजन ४६ किलो भरले. या औषधाची रोजची मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे आईसाठी मर्यादा २३० मिलिग्रॅम होती आणि ती ४०० घेत होती. उपचार सुरू झाले तेव्हा तिचे वजन ५५ किलो होते, त्या हिशेबानेही मर्यादा २७५ च होते. चिठ्ठी तीच राहिली, मेडिकल तेच राहिले, वजन मात्र उतरत गेले आणि त्या वजनाशी गोळीचा काही संबंध आहे हे आम्हाला कोणी सांगितले नाही. ९ वर्षांत ‘एकदा डोळे तपासून या’ हे वाक्य एकदाही कानावर पडले नाही, याचे मला फार दुःख आहे आणि रागही आहे.

माझे प्रश्न असे आहेत. झालेली इजा भरून येते का? आणि आपण वर्षानुवर्षे घेतो अशा आणखी कोणत्या औषधांबाबत डोळ्यांकडे लक्ष ठेवायला हवे? ज्यांना अनुभव किंवा माहिती असेल त्यांनी कृपया लिहावे.

नेत्रसहायक

मी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा सहायक म्हणून २२ वर्षे काम केले आहे. निदान आणि उपचार हे डॉक्टरांचे काम असल्याने मी केवळ कारणे समजावून सांगण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मला वाईट वाटते, पण खरे तेच सांगायला हवे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने दृष्टिपटलाला झालेली इजा भरून येत नाही. दृष्टिपटलाच्या मागे काळसर रंगद्रव्याचा थर असतो. हे औषध त्या रंगद्रव्याला चिकटून तिथे साठत राहते आणि शरीरातून अतिशय संथपणे बाहेर पडते. म्हणूनच गोळी बंद केल्यावरही इजा काही काळ पुढे सरकू शकते आणि तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. इजा लवकर पकडली गेली असेल तर मधली दृष्टी बहुतेक वेळा वाचते, ही त्यातली महत्त्वाची बाब आहे. आपल्या आईंना ज्या दाण्यावर नजर आहे तो दाणा अजून स्पष्ट दिसतो आहे, त्याअर्थी केंद्र शाबूत आहे असे मला वाटते, परंतु ओसीटी पाहणाऱ्या डॉक्टरांचाच शब्द त्यात अखेरचा समजावा.

चष्म्याच्या दुकानात हे का कळले नाही, तेही सांगतो. तिथे भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगतात, आणि सुरुवातीच्या काळात असा रुग्ण शेवटची ओळसुद्धा बरोबर वाचू शकतो. एका वेळी एकच अक्षर नजरेच्या मध्यावर येते आणि मध्य तर अजून चांगला असतो. साधा बॅटरीचा उजेड टाकूनही ही सुरुवातीची इजा दिसत नाही. नंतर दृष्टिपटलावर बैलाच्या डोळ्यासारखे जे कडे दिसते ते बऱ्याच उशिराचे लक्षण आहे. आशियाई वंशाच्या रुग्णांत तर इजा केंद्रापासून जरा दूर सुरू होत असल्याचे अनेकदा आढळते, त्यामुळे दृष्टिक्षेत्राची तपासणी करताना केवळ मधला भाग न पाहता थोडा विस्तृत भाग पाहावा, असे सूचनांमध्येच म्हटले आहे.

त्या सूचनांचा सरळ अर्थ असा की गोळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात डोळ्यांची एक पायाभूत तपासणी करावी आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी करावी. मूत्रपिंडाचे काम कमी असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ५ वर्षे थांबू नये.

आणखी एक सांगतो, कारण आपल्याकडे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या देशात हीच गोळी टाईप २ मधुमेहातही इतर औषधांच्या जोडीने दिली जाते. रुग्ण तिला ‘शुगरची गोळी’ म्हणूनच ओळखतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तसेच सांगतो. म्हणून तोंडी यादी सांगण्यापेक्षा पट्ट्या किंवा त्यांचा फोटो दाखवणे केव्हाही चांगले.

मंगळवेढे

मी वेगळे मत मांडणार आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. माझ्या मावशीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, आहे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तिला ‘या गोळीने आंधळेपण येते’ असा संदेश मोबाइलवर पाठवला आणि तिने कोणालाही न विचारता हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद केली. तीन महिन्यांत सांधे सुजले, चेहऱ्यावर चट्टे आले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वेळी डॉक्टर आम्हाला म्हणाले होते की ल्युपसमध्ये मूत्रपिंड सांभाळणारी ही एक मोठी गोळी आहे. अशा धाग्यांमधून भीती पसरते आणि भीतीने झालेले नुकसान कोणी मोजत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भुईकोट (धागाकर्ता)

मंगळवेढे, आपल्या मावशींबद्दल वाचून मन कळवळले. आपला आक्षेप योग्य आहे आणि मूळ लेखनातच मी हे स्पष्ट करायला हवे होते. माझ्या आईची गोळीही आम्ही आपल्या मनाने बंद केली नाही. नेत्रतज्ज्ञांनी दिलेली चिठ्ठी घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो, ते दोघे फोनवर बोलले आणि त्यानंतर निर्णय झाला.

भीतीला उत्तर म्हणून मला आकडे उपयोगी वाटतात. अमेरिकेत ५ वर्षांहून अधिक काळ हे औषध घेतलेल्या २,३६१ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ७.५ टक्के रुग्णांच्या दृष्टिपटलात इजा आढळली. परंतु किलोमागे ४ ते ५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांमध्ये पहिल्या १० वर्षांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत होते आणि २० वर्षांनंतर ते सुमारे २० टक्क्यांपर्यंत गेले. याचा अर्थ मला असा लागतो की वजनाप्रमाणे मात्रा असेल आणि तपासण्या वेळच्या वेळी होत असतील, तर आपल्या मावशींनी ही गोळी निर्धास्तपणे घ्यावी. माझ्या आईच्या बाबतीत मात्राही जास्त होती आणि तपासणीही नव्हती. माझी तक्रार या दोन गोष्टींची आहे, गोळीची नाही.

मंगळवेढे

हे आपण लिहिलेत याबद्दल आभारी आहे. मावशीचे वजन आणि मात्रा आजच विचारून घेतो. तिची डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हेही मला माहीत नाही, ही गोष्ट मी मान्य करतो.

नवी पेठ

माझे औषधांचे दुकान आहे. या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला आणि लिहायचे ठरवले, कारण जी गोष्ट मी रोज पाहतो ती गोळीची नसून डोळ्यांत टाकण्याच्या थेंबांची आहे.

मार्च उजाडला की सोलापुरात ऊन आणि धूळ दोन्ही वाढतात, आणि लहान मुलांचे डोळे खाजू लागतात. मुले डोळे चोळून लाल करतात, चिकट दोऱ्यासारखा स्राव येतो. डॉक्टर काही दिवसांसाठी स्टिरॉइडचे थेंब लिहून देतात आणि मुलाला एका दिवसात आराम पडतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पालक ती रिकामी बाटली घेऊन पुढच्या महिन्यात येतात आणि ‘हेच द्या’ म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतात. मी स्वतः दुकानात नवा होतो तेव्हा अशा बाटल्या दिल्या आहेत, आणि त्या द्यायला नको होत्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावे असलेले थेंब, किंवा प्रतिजैविकासोबत त्यांचे मिश्रण असलेले थेंब, चिठ्ठीशिवाय विकण्याची कायद्याने परवानगी नाही. पाकिटावरची लाल रेघ त्यासाठीच असते.

आमच्या नेहमीच्या ग्राहकांपैकी एका मुलाला वयाच्या अकराव्या वर्षी काचबिंदू असल्याचे कळले. चार उन्हाळे तो तेच थेंब टाकत होता, आणि ते बहुधा वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले होते. एका डोळ्याची बाजूची नजर गेली आहे. तो मुलगा आईचा हात धरून दुकानाची पायरी चढतो तेव्हा मला त्याच्याकडे पाहवत नाही. तेव्हापासून चिठ्ठीवर तारीख आणि किती दिवस टाकायचे हे लिहिलेले नसेल तर मी बाटली देत नाही. ग्राहक रागावून पुढच्या दुकानात जातात, पण त्याला माझा इलाज नाही.

नेत्रसहायक यांना विनंती आहे की हे नेमके कसे होते ते त्यांनी सांगावे, म्हणजे मला गिऱ्हाइकांना समजावता येईल.

नेत्रसहायक

नवी पेठ, आपण मोकळेपणाने लिहिलेत याचा मला आदर वाटतो.

डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीतून झिरपून बाहेर जातो. स्टिरॉइडमुळे त्या जाळीतून होणारा निचरा कमी होतो आणि आतला दाब वाढतो. साधारणपणे दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे टाकल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांत तो बऱ्यापैकी वाढतो आणि शंभरातल्या चार-पाच जणांत फारच वाढतो. आपण त्या चार-पाचांपैकी आहोत की नाही, हे दाब मोजल्याशिवाय कळत नाही, कारण हा दाब हळूहळू वाढतो आणि दुखत नाही. उलट खाज थांबल्यामुळे मुलाला बरेच वाटत असते. दाबाने डोळ्याची नस कडेकडून वाळत जाते आणि गेलेली नस परत येत नाही. पोटात घेण्याच्या स्टिरॉइड गोळ्या दीर्घकाळ चालल्या तर भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो, जो उन्हात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात जास्त त्रास देतो. दम्यासाठी किंवा त्वचेच्या आजारासाठी अनेक वर्षे प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनी दाब आणि भिंग दोन्ही तपासून घ्यावीत.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे उसाचे क्षेत्र मोठे आहे. तोडणीच्या दिवसांत उसाचे पान डोळ्याला लागते, ज्वारीच्या मळणीत कूस जाते. अशा जखमेत बुरशी शिरून बुबुळावर फूल पडण्याची सुरुवात होते. डोळा लाल झाला म्हणून गावातल्या दुकानातून घेतलेले थेंब जर स्टिरॉइडचे निघाले, तर दोन दिवस लाली कमी होते आणि आत बुरशी मोकाट वाढते. माझ्या नोकरीत मी जे डोळे गेलेले पाहिले त्यांत हे सर्वांत अधिक टोचतात, कारण ते बहुतेक मजुरांचे होते आणि पहिल्या आठवड्यात आले असते तर त्यांतले पुष्कळसे वाचले असते.

कांडी

मी यंत्रमागावर चादरीचे काम करतो. लिहिण्याची सवय नाही, मुलीकडून लिहून घेत आहे.

मला मागच्या वर्षी फुप्फुसाचा क्षयरोग झाला. सरकारी केंद्रातून गोळ्या फुकट मिळाल्या. माझे वजन तेव्हा ४८ किलो होते म्हणून रोज एकत्रित औषधाच्या तीन गोळ्या होत्या. लघवी केशरी होईल, डोळ्यांतले पाणीही तसे दिसेल, घाबरू नका, असे ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि डोळ्यांना अंधुक दिसले तर लगेच सांगा, असेही सांगितले होते. हे दुसरे वाक्य मी जवळपास विसरलो होतो.

चौथ्या महिन्यात कामावर परत जाऊ लागलो. एक दिवस मालकाने बोलावून दाखवले की लाल पट्ट्याच्या जागी मी हिरवी कांडी लावली होती. मी उजेडात नेऊन पाहिली तरी दोन्ही सूत मला मातकट दिसले. वीस वर्षे मी रंग ओळखून काम केले आहे, अशी चूक कधीच झालेली नव्हती. आधी वाटले अशक्तपणा असेल. घरी मुलीने एकेक डोळा झाकून तिच्या पुस्तकातली चित्रे दाखवली तेव्हा दोन्ही डोळ्यांना लाल रंग फिका दिसत असल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो. त्यांनी डोळ्यांच्या विभागात पाठवले, रक्त तपासले, आणि माझे मूत्रपिंडाचे काम थोडे कमी असल्याचे निघाले. डॉक्टरांनी त्यातले इथॅम्ब्युटॉल काढून बाकीची औषधे चालू ठेवली. उपचार पूर्ण झाला, रोग बरा झाला. रंग परत यायला पाच महिने लागले. आता लाल-हिरवा बरोबर कळतो, पण संध्याकाळच्या उजेडात तपकिरी आणि जांभळा सूत अजून मी दुसऱ्याला विचारून घेतो.

नेत्रसहायक

दादा, आपण गोळ्या आपल्या मनाने सोडल्या नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गेलात, म्हणून रोगही गेला आणि नजरही राहिली. इथॅम्ब्युटॉलची इजा डोळ्याच्या नसेला होते आणि लाल-हिरव्या रंगांतला गोंधळ हे तिचे अगदी सुरुवातीचे लक्षण असते. त्या एकत्रित गोळीत इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. तीन गोळ्यांचे ८२५ होतात, म्हणजे आपल्या वजनाला किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम. ही मात्रा योग्यच होती. परंतु हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, आणि तिथे अडथळा असला की योग्य मात्राही अंगात जास्त होते. आपल्याकडे हे औषध उपचाराच्या सहाही महिने असते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यानंतरही सावध राहावे लागते. बिघाड ओळखूनही गोळी चालू राहिली तर नजर कायमची जाऊ शकते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिल्या जाणाऱ्या लिनेझोलिडचीही अशीच इजा होते, तेव्हा त्या रुग्णांनीही हे लक्षात ठेवावे.

आपल्या मुलीने एकेक डोळा झाकून पाहिले हे फार चांगले केले. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकून टाकतो, आणि मग महिनोन्‌महिने काही कळत नाही.

जुळे सोलापूर

माझा अनुभव वर्षांचा नसून आठ दिवसांचा आहे. अर्धशिशीसाठी मला टोपिरामेट सुरू झाले. आठव्या दिवशी सकाळी उठले तर दोन्ही डोळ्यांना दूरचे काहीच स्पष्ट दिसेना, कपाळ आणि डोळे ठणकू लागले, मळमळू लागले. मला आयुष्यात चष्मा नव्हता. घरच्यांना वाटले अर्धशिशीचाच झटका आहे, आणि मलाही क्षणभर तसेच वाटले. माझ्या वहिनी परिचारिका आहेत, त्यांनी ऐकताच नेत्रतज्ज्ञांकडे नेले. दोन्ही डोळ्यांतला दाब पस्तिशीच्या पुढे होता. या औषधाने डोळ्याच्या आतल्या थरात पाणी साठून भिंग पुढे ढकलले जाते आणि निचऱ्याचा कोन बंद होतो, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. गोळी त्याच दिवशी बंद झाली, दाब कमी करणारी औषधे दिली आणि साधारण दहा दिवसांत नजर पूर्ववत झाली. मला सांगायचे आहे ते इतकेच की अर्धशिशीच्या रुग्णाचे डोके दुखले तर कोणाला नवल वाटत नाही, म्हणून हे औषध नवे असताना अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

बार्शीकर

मी निवृत्त शिक्षक आहे. प्रोस्टेटसाठी सहा वर्षे टॅमसुलोसिन घेतो. गेल्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा अर्जात ‘चालू औषधे’ या रकान्यात मी मधुमेह आणि रक्तदाब एवढेच लिहिले, कारण लघवीच्या त्रासाबद्दल चारचौघांत बोलायचा संकोच वाटला. सुदैवाने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट विचारले. या औषधाने बुबुळाचा पडदा सैल पडतो, शस्त्रक्रियेत तो फडफडतो आणि बाहुली मध्येच आकसते, हे २००५ मध्ये अमेरिकेतील दोन नेत्रशल्यविशारदांनी प्रथम मांडले. आधी माहीत असेल तर डॉक्टर त्याची तयारी ठेवतात आणि शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, तशी माझीही पडली. गोळी काही दिवस बंद ठेवून हा धोका पूर्णपणे टळत नाही, पूर्वी कधी घेतली असेल तरी सांगावी लागते. माझ्या वयाच्या मित्रांना विनंती आहे की संकोच बाजूला ठेवावा.

होटगी रस्ता

वडिलांना मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा मिळून सात गोळ्या चालू आहेत. हा धागा वाचून त्यांनी सगळ्या समोर मांडून ठेवल्या आहेत आणि ‘यातली कोणती डोळे घालवते’ असे विचारत आहेत. तसेच माझा भाऊ वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेतो, त्याबद्दलही ऐकले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

नेत्रसहायक

वडिलांना सांगा की मधुमेह आणि रक्तदाब अनियंत्रित राहिले तर त्यांनीच डोळ्यांचे जे नुकसान होते ते या गोळ्यांच्या मानाने कितीतरी मोठे आहे, तेव्हा एकही गोळी त्यांनी बंद करू नये. सातही नावे कागदावर लिहून वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करताना सोबत न्यावीत, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामे होतील. त्यांपैकी पायोग्लिटाझोन असेल तर ते मुद्दाम दाखवावे, कारण त्याने काही रुग्णांत दृष्टिपटलाच्या मध्यावर सूज येते.

सेमाग्लुटाइडबाबत युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या समितीने जून २०२५ मध्ये असे मत दिले की डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक खुंटणे हा त्याचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम आहे, म्हणजे १०,००० मध्ये फार तर एक. एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली तर मात्र थांबू नये. मधुमेहाने दृष्टिपटल आधीच बिघडलेले असेल आणि साखर फार वेगाने उतरली, तर तो बिघाड काही काळ वाढू शकतो, म्हणून भावाला मधुमेह असेल तर त्याने आधी दृष्टिपटल तपासून घ्यावे.

नवी पेठ

एक उपयुक्त माहिती राहून गेली. औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटले तर त्याची नोंद रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः करू शकतात, डॉक्टरच हवे असे नाही. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा औषधदक्षता कार्यक्रम आहे आणि त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. नोंद करताना औषधाचे नाव, मात्रा, केव्हापासून घेतले, त्रास केव्हा सुरू झाला आणि सोबत कोणती औषधे होती, एवढे हाताशी ठेवावे. रिकामी पट्टी टाकून देऊ नये, तिच्यावर तुकडी क्रमांक असतो.

भुईकोट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनंतरची माहिती लिहीत आहे.

आईची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन डॉक्टरांनी बंद केली आणि मेथोट्रेक्सेटची मात्रा थोडी वाढवून दर महिन्याला रक्त तपासायला सांगितले आहे. सांधे सध्या तरी शांत आहेत, फक्त उजवी तर्जनी सकाळी थोडी आखडते. पुढची ओसीटी तीन महिन्यांनी आहे. नवी पेठ यांनी सांगितल्याप्रमाणे फोन करून नोंद केली, त्यासाठी जुन्या चिठ्ठ्या शोधल्या तेव्हा ९ वर्षांतल्या २६ चिठ्ठ्या सापडल्या आणि त्यांपैकी एकीवरही वजन लिहिलेले नव्हते.

गल्लीतल्या त्या तीन बायकांकडे आई स्वतः गेली. मी सोबत जातो म्हणालो, तर ती म्हणाली की तू बोललास तर त्या घाबरतील. तिने प्रत्येकीला ‘गोळी सोडू नकोस, पण वजन कर आणि डोळे दाखव’ एवढे दोन वेळा म्हणून दाखवायला लावले. दोघींची मात्रा वजनाला योग्य निघाली. तिसरीचे वजन ४१ किलो आहे, ती ४०० घेत होती आणि तिला सात वर्षे झाली आहेत. आम्ही तिची वेळ घेतली असून तिची ओसीटी येत्या गुरुवारी आहे. आई तिच्यासोबत जाणार आहे.